नखांवरचा आकाशी रंग

दिवाळीच्या आधीची गोष्ट आहे. आम्ही काही कामाने पौडला गेलो होतो. काम आटोपले आणि एसटीची वाट पाहत उभे राहिलो. समोर कटलरीचे एक छोटे दुकान होते. बांगड्या, रिबिनी, टिकल्या, कंगवे, सगळे दाराशी टांगलेले. तिथे आमच्या साक्षरता वर्गातल्या एक बाई दिसल्या. त्यांच्या हातात बोटभर उंचीची एक काचेची बाटली होती. बाई ती बाटली उन्हात धरून इकडून तिकडून पाहत होत्या.

आम्हाला पाहून त्या थोड्या लाजल्या. म्हणाल्या, "गुरुजी, बरं झालं भेटलात. सून सात महिन्यांची हाय. परवा तिचं डोहाळजेवण हाय. पोरीला डोहाळे लागले ते ह्या निळ्या रंगाचे! आता घ्यावा का न घ्यावा? ह्यात काय असतं? पोटातल्या बाळाला बाधणार न्हाई ना?"

प्रश्न साधा होता, पण आम्हाला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही. नखांना लावायचा रंग आपण जत्रेत पाहतो, लग्नात पाहतो. त्याला सगळे नेलपॉलिश म्हणतात. पण तो कशाचा करतात आणि कसा लावतात, हे कोणी सांगत नाही. मग आम्ही चौकशी केली. जाणत्या लोकांना विचारले, पुस्तके पाहिली. वर्गात त्यावर एक पाठच घेतला. तोच इथे लिहिला आहे.

आधी रंग पाहू.

बाईंच्या हातातला रंग फिकट निळा होता. आपण त्याला आकाशी म्हणतो. पण नुसता आकाशी नव्हे. त्यात चकाकी होती. बाटली स्थिर धरली की रंग दुधाळ दिसायचा. जरा तिरपी केली की आतून रुपेरी लाट फिरल्यासारखी वाटायची. भाद्रपद संपत आला की पाऊस उघडतो. धरणाचे पाणी काठोकाठ भरलेले असते. सकाळी ऊन वर आले की त्या पाण्यावर जी झळाळी दिसते, तसा काहीसा तो रंग होता. मुळशीकरांना हे वेगळे सांगायला नको.

ही झळाळी येते कुठून? ती येते अभ्रकातून.

अभ्रक तुम्ही पाहिले आहे. डोंगरात काही दगड चकाकतात. त्यांचे पातळ पातळ पापुद्रे निघतात. नख लावले तरी पापुद्रा सुटतो. हे पापुद्रे दळून अगदी बारीक करतात. मिठाच्या कणाहूनही कितीतरी बारीक. तरी प्रत्येक कण सपाटच राहतो. जणू चिमुकला आरसा. त्या आरशावर पांढऱ्या रंगाचा अतिशय पातळ लेप देतात. असे हजारो आरसे त्या बाटलीत तरंगत असतात. बाटली हलली की ते वळतात, आणि वळताना उजेड परत फेकतात.

यात एक गंमत आहे. पावसाळ्यात रस्त्यावर डबके साचते. त्यावर गाडीतले तेल किंवा रॉकेल सांडले की पाण्यावर निळे, जांभळे, हिरवे पट्टे दिसतात. पाण्यात कोणी रंग टाकलेला नसतो. तेलाचा थर फार पातळ असतो. थोडा उजेड थराच्या वरच्या अंगावरून परततो, थोडा खालच्या अंगावरून. दोन्ही एकत्र आले की काही रंग उठून दिसतात आणि काही मावळतात. अभ्रकावरच्या लेपाचेही तसेच असते. लेपाची जाडी बेताची ठेवली तर निळा रंग न घालतासुद्धा निळी झाक दिसते. जाडी बदलली की झाकही बदलते. आमच्या वर्गात हे कोणाला पटेना. शेवटी ताटात पाणी घेतले, त्यावर रॉकेलचा एक थेंब सोडला आणि ताट उन्हात नेले. मग सगळ्यांनी माना डोलावल्या.

अर्थात बाटलीत थोडा खरा निळा रंगही घालतात. पुष्कळदा तो लोखंडापासून बनवलेला गडद निळा असतो. गडद निळा चिमूटभर आणि पांढरा पुष्कळ, असे केले की आकाशी तयार होतो.

पूर्वी अभ्रकाऐवजी माशांचे खवले वापरत. मासा साफ करताना बोटांना रुपेरी चमक लागते, ती तुम्हाला माहीत आहे. परदेशात ती चमक माशांच्या खवल्यांतून काढून नखांच्या रंगात घालत. खोटे मोतीही त्यावरच करीत. आता बहुतेक ठिकाणी अभ्रकच वापरतात.

हे अभ्रक आपल्या देशात झारखंड, बिहार, राजस्थान आणि आंध्र या राज्यांत सापडते. झारखंडातल्या कोडरमा आणि गिरिडीह जिल्ह्यांत बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून गरीब माणसे अभ्रकाचे तुकडे वेचतात. त्यांत शाळेच्या वयाची मुलेही असतात. बोगदा ढासळून मुले दगावल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा जगभर त्याचा बोभाटा झाला. काही कारखान्यांनी मग कारखान्यातच बनवलेले अभ्रक वापरायला सुरुवात केली. वीस-पंचवीस रुपयांच्या बाटलीत ही चकाकी कोणाच्या हातून आली, ते बाटलीवर लिहिलेले नसते. आम्हाला हे कळले तेव्हा थोडा वेळ आम्ही गप्पच झालो.

आता बाटलीतले बाकीचे पदार्थ पाहू.

रंग नखाला चिकटून राहतो, कारण वाळल्यावर त्याचा पापुद्रा होतो. हा पापुद्रा मुळात कापसाचा किंवा लाकडाच्या लगद्याचा असतो. हो, कापसाचाच! कापसावर तेजाबाची प्रक्रिया करतात. मग तो एका वासाच्या द्रवात विरघळतो. भिंती आणि दारे रंगवणारे लोक थिनर वापरतात ना, त्याच जातीचा हा द्रव. नखावर रंग लावला की द्रव हवेत उडून जातो. आपल्याला उग्र वास येतो तो त्याचाच. मागे राहतो तो पापुद्रा, आणि त्यात अडकलेले रंगाचे आणि अभ्रकाचे कण.

तेजाबाची प्रक्रिया केलेला हा कापूस फार लवकर पेट घेतो. जुन्या काळी सिनेमाच्या फिती याच मालाच्या करीत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा जुन्या फितींच्या कोठारांना आग लागली. कितीतरी जुने चित्रपट त्यात कायमचे गेले. बाटलीतला द्रवही असाच पेट घेणारा असतो. म्हणून चुलीपाशी, गॅसपाशी, देवापुढच्या दिव्यापाशी बसून नखे रंगवू नका. विडी ओढणाऱ्या माणसाला जरा लांब बसवा. बाटली उन्हाने तापणाऱ्या खिडकीत ठेवू नका. एकदा रंग पुरता वाळला की ती भीती बरीच कमी होते. तरीसुद्धा ओल्या नखांनी काडी ओढू नये.

नखे रंगवायची हौस आजची नाही. आपल्याकडे मेंदी आहेच. पण मेंदीत आणि या रंगात फरक आहे. मेंदी नखात मुरते. ती पुसली जात नाही. नख वाढते तशी ती पुढे सरकते आणि कापली जाते. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. म्हणजे हाताचे अख्खे नख नवे व्हायला सहा महिने लागतात. नेलपॉलिश मात्र नखाच्या वर बसते. ते खरवडले तर निघते, पुसले तर जाते.

बाटलीतला हा रंग आला तो मोटारगाड्यांच्या पाठोपाठ. १९२० नंतर अमेरिकेत मोटारींसाठी झटपट वाळणारा, चकचकीत रंग निघाला. तसाच रंग नखांसाठीही करता येईल, हे काही लोकांनी हेरले. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये रेव्हलॉन नावाची कंपनी निघाली ती नखांच्या रंगावरच. आपल्याकडे १९५२ साली टाटांनी लॅक्मे नावाची कंपनी सुरू केली. लॅक्मे हे एका फ्रेंच संगीत नाटकाचे नाव आहे. त्या नाटकातली लॅक्मे म्हणजे आपली लक्ष्मी! पुढे १९९८ साली टाटांनी ती कंपनी हिंदुस्तान लिव्हरला विकली.

टाटांचे नाव मुळशीत घेतले की म्हाताऱ्या माणसांना दुसरेच काही आठवते. इथल्या धरणासाठी भाताची खाचरे आणि गावे पाण्याखाली गेली. १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला. त्यात बायकाही होत्या. नखांच्या रंगाच्या गोष्टीत हे कुठून आले, असे कोणी म्हणेल. पण त्या बाईंचे माहेर धरणाच्या काठचे. लॅक्मेची हकिकत सांगितली तेव्हा त्याच म्हणाल्या, "म्हंजी पाणीबी त्यांचं आन् रंगबी त्यांचाच व्हता की!" सगळा वर्ग हसला.

आता रंग लावायचा कसा, ते सांगतो. हे आम्ही बाईंच्या सुनेकडूनच शिकलो. तिची एक मावसबहीण पिरंगुटला पार्लरमध्ये काम करते. ती मुद्दाम आली होती. आम्ही पडवीत बसून पाहत होतो आणि वहीत टिपून घेत होतो.

पहिली गोष्ट ही की नखे कोरडी हवीत. भांडी घासली आणि लगेच रंग लावायला बसले, असे चालत नाही. नख पाणी पिते. पाण्याने ते थोडे फुगते, वाळल्यावर आकसते. फुगलेल्या नखावर रंग लावला तर नख आकसताना रंग सुटतो. म्हणून भांडी झाल्यावर तास-दीड तास जाऊ द्या. नखांना तेलाचा हातही लागलेला नसावा. तेलावर रंग धरत नाही. साबणाने हात धुवा, पुसा, वाळू द्या. नखांतली माती काढा. नखे बेताची कापा. भाकरी थापणाऱ्या, पीठ मळणाऱ्या हाताला लांब नखे नकोत. रंगाची टवके उडून पिठात पडतात, आणि नखाखाली घाणही साठते.

मग बाटली घ्या. ती जोरात हलवू नका. हलवली की आत बुडबुडे होतात आणि तेच नखावर फोड आल्यासारखे दिसतात. बाटली दोन तळव्यांमध्ये उभी धरा आणि रवी फिरवतो तशी फिरवा. काही बाटल्यांत बारीक गोळ्या असतात, त्यांचा खुळखुळ आवाज येतो. त्या रंग ढवळण्यासाठीच असतात. चमकीचा रंग तर ढवळावाच लागतो, कारण अभ्रक तळाशी बसते.

झाकणालाच कुंचला असतो. तो बाहेर काढताना बाटलीच्या तोंडाला एका बाजूने निपटा. कुंचल्याच्या टोकाशी एक थेंब राहिला पाहिजे, गळता कामा नये. हा थेंब नखाच्या मधोमध टेकवा, मुळापासून थोडा अलीकडे. मुळाशी जी कातडी असते, तिथे केसभर जागा मोकळी सोडा. कातडीला रंग लागला तर तिथूनच पापुद्रा उचलला जातो. आता कुंचला मुळाकडून टोकाकडे ओढा. एक ओढ मध्ये, एक डावीकडे, एक उजवीकडे. तीन ओढींत नख झाले पाहिजे. वरून पुन्हा पुन्हा घोटू नका.

साधा लाल रंग असेल तर थोडे इकडेतिकडे झालेले खपते. आकाशी चमकीचा रंग मात्र खोडकर आहे. त्यातले अभ्रकाचे आरसे कुंचला जाईल तसे आडवे पडतात. कुंचला वाकडातिकडा गेला की आरसेही वाकडेतिकडे बसतात, आणि नखावर झाडूने सारवल्यासारखे पट्टे दिसतात. म्हणून सगळ्या ओढी सरळ आणि एकाच दिशेने. मावसबहीण म्हणाली, "अक्का, भिंत सारवताना हात जसा फिरवतेस तसा हितं फिरवू नकोस. भांगात कुंकू भरतेस ना, तशी सरळ जा."

पहिला हात दिला की मन खट्टू होते. बाटलीतला सुंदर रंग नखावर येतच नाही! नखाची गुलाबी खालून दिसते आणि आकाशी रंग मळकट, जांभळट वाटतो. सून म्हणाली, "ह्ये तर बाटलीतलं न्हाईच." यात रंगाचा दोष नाही. फिकट रंगात रंगकण थोडे असतात. घाईने जाड थर देऊ नका. जाड थर वरून वाळतो आणि आत ओला राहतो. मग पदर जरी लागला तरी सुरकुत्या पडतात. पातळ हात द्या, तीन-चार मिनिटे थांबा, दुसरा हात द्या. दुसऱ्या हाताला रंग उमलतो. हवा असेल तर तिसरा. शेवटच्या हाताला कुंचला नखाच्या टोकाच्या कडेवरूनही जरासा फिरवा. कड झाकली गेली की रंग जास्त दिवस टिकतो.

उजव्या हाताने डावा हात सोपा. डाव्या हाताने उजवा रंगवताना सगळ्यांची तारांबळ उडते. त्याला युक्ती आहे. उजवा हात पाटावर सपाट ठेवा. कुंचला स्थिर धरा आणि बोट थोडे थोडे वळवा. किंवा सरळ जावेला हाक मारा. आमच्या मते हीच युक्ती चांगली.

बोटाला स्पर्श केला तर दहा मिनिटांत रंग वाळलेला वाटतो. पण खरा घट्ट व्हायला तासाहून जास्त वेळ लागतो. तोवर गरम पाण्यात हात घालू नका. जाड गोधडी अंगावर घेऊन झोपू नका, सकाळी नखावर गोधडीचे टाके उमटलेले दिसतील! आणि लावणीच्या दिवसांत तर ही हौस करूच नये. चिखलात दिवसभर हात असतात. तिथे दोन दिवसही रंग टिकत नाही. डोहाळजेवण, लग्न, जत्रा, माहेरपण, अशा वेळी ठीक.

सुनेचे दोन्ही हात झाले. तिने ते पदरावर ठेवले. सावळ्या बोटांवर तो फिकट रंग असा उठून दिसला की शेजारच्या बायकाही वाकून पाहू लागल्या. सावलीत तो दुधासारखा, पडवीच्या कडेला उन्हात रुपेरी, आणि संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली किंचित हिरवट दिसला. एक आजीबाई म्हणाल्या, "काय बाई नखरे!" पण त्यांनीही करंगळी पुढे केलीच.

असे म्हणतात की रंगाखाली नख गुदमरते. ते काही खरे नाही. नख म्हणजे शिंग, खूर, केस यांच्याच जातीचा पदार्थ. बाहेर दिसणारे नख जिवंत नसते, ते श्वास घेत नाही. त्याचे पोषण मुळातून, रक्तातून होते. मात्र सतत रंग लावत राहिले तर नख पिवळट पडते, कोरडे होऊन टवके उडतात. मधून मधून आठ-पंधरा दिवस नखे मोकळी ठेवावीत.

पण नखे झाकली की दुसरी एक गोष्ट झाकली जाते, आणि ती महत्त्वाची आहे. नखाखाली रक्त वाहते. नख पारदर्शक असल्यामुळे ते आपल्याला दिसते. निरोगी माणसाचे नख गुलाबी असते. ते दाबले की पांढरे पडते आणि सोडले की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. अंगात रक्त कमी असेल तर नख फिकट दिसते. लोहाची कमतरता फार दिवस राहिली तर नख चमच्यासारखे खोलगट होते. श्वास पुरा पडत नसेल, रक्तात प्राणवायू कमी असेल, तर नखे आणि ओठ निळसर पडतात. दवाखान्यात परिचारिका हात हातात घेते आणि आधी नखे पाहते, ती याचसाठी. आता विचार करा. नखांवर निळाच रंग असेल तर तिला काय दिसणार?

एका आशाताईंनी आम्हाला एक प्रसंग सांगितला. २०२० साली करोनाची साथ होती. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत त्या घरोघर जात होत्या. बोटाला लावायचे चिमट्यासारखे यंत्र त्यांच्याजवळ असे. ते रक्तातला प्राणवायू मोजते. आकडा ९५ च्या खाली आला की माणसाला दवाखान्यात पाठवायचे. एका घरी तरण्या सुनेच्या बोटाला यंत्र लावले. आकडा आला ९३. सासूने रडायला सुरुवात केली. त्या दिवसांत दवाखान्यात गेलेले माणूस परत येईल की नाही, याचीच लोकांना धास्ती होती. आशाताईंनी पाहिले तर पोरीच्या दहाही नखांवर निळा रंग. ना ताप, ना खोकला, ना धाप. त्यांनी शेजारून रंग काढायचे औषध मागवले, बोट स्वच्छ पुसले, हात चोळून ऊबदार केला आणि यंत्र पुन्हा लावले. आकडा आला ९७.

असे का झाले? ते यंत्र बोटातून लाल उजेड आरपार सोडते. किती उजेड पलीकडे पोचला त्यावरून हिशोब करते. निळा रंग लाल उजेड अडवतो. मग यंत्राचा हिशोब चुकू शकतो. नव्या, चांगल्या यंत्रांत हा फरक थोडाच पडतो. पण थोडा फरकही घाबरवायला पुरतो.

पण आशाताईंनी पुढे जे सांगितले ते नीट लक्षात घ्या. आकडा कमी आला की "रंगामुळे असेल" म्हणून सोडून द्यायचे नाही. दुसऱ्या बोटावर पाहायचे, रंग पुसून पाहायचे, यंत्र बोटावर आडवे लावून पाहायचे. तरीही कमी असेल, किंवा माणसाला धाप लागत असेल, तर क्षणभरही थांबायचे नाही. त्यांनी सांगितले की दुसऱ्या एका घरी नखे रंगवलेली नव्हती आणि आकडा खरोखरच कमी होता.

म्हणून बाळंतपणासाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी जाताना नखांचा रंग काढून जावे. बाळंतपण अचानकही येते. पावसाळ्यात ताम्हिणीकडच्या वाडीवरून गाडी मिळून दवाखान्यात पोचेपर्यंतच जीव मेटाकुटीला येतो. तेव्हा रंग काढत कोण बसणार? आठवा महिना लागला की नखे मोकळीच ठेवावीत, हे बरे.

आता बाईंचा पहिला प्रश्न. बाळाला बाधेल का? सणासमारंभाला एखाद्या वेळी, मोकळ्या हवेत बसून रंग लावला तर काळजीचे कारण फार थोडे. बंद खोलीत तासन्‌तास तो वास घेणे मात्र वाईट. डोके दुखते, मळमळते. पार्लरमध्ये रोज काम करणाऱ्या मुलींनी याची जास्त काळजी घ्यावी. काही रंगांत टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट असे पदार्थ असत. पोटुशी बाईने असे रंग टाळावेत. पुष्कळ कंपन्यांनी आता ते वगळले आहेत आणि तसे बाटलीवर किंवा खोक्यावर लिहितात. दम्याचा त्रास असेल, अंगावर खाज उठत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

बाटलीवरचे लिखाण बहुतेक इंग्रजीत असते. अक्षर बारीक. तरी आकडे तर आपल्याला वाचता येतात! वर्गात आम्ही बाटली फिरवली आणि एकेकीला आकडे शोधायला लावले. किंमत सापडली. कोणत्या महिन्यात, कोणत्या साली बनवली ते सापडले. कधीपर्यंत वापरायची तेही सापडले. कारखान्याच्या परवान्याचा क्रमांकही असावा लागतो, तो सापडला. जत्रेतल्या एका बाटलीवर मात्र यांतले काहीच नव्हते. नुसते फुलाचे चित्र होते. ती बाटली त्या बाईंनी बाजूला ठेवली.

रंग काढायला रिमूव्हर मिळते. कापसाचा बोळा भिजवायचा, नखावर दाबून दहा-पंधरा सेकंद धरायचा आणि टोकाकडे पुसून घ्यायचा. चमकीचा रंग हट्टी असतो. अभ्रकाचे कण कडेला चिकटून राहतात, पुन्हा एकदा पुसावे लागते. ब्लेडने खरवडू नका. नखाचे थर निघतात. रॉकेल तर मुळीच नको. रिमूव्हर रंगाहूनही लवकर पेटते आणि ते पाण्यासारखे दिसते. घरात लहान मूल असेल तर ते उंच फळीवर ठेवा. मुलाने प्यायले तर उलटी करवू नका, बाटली बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा. नखे साफ झाली की साबणाने हात धुवा आणि खोबरेल तेलाचे बोट फिरवा.

डोहाळजेवण छान झाले. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या आणि बोटांवर आकाशी रंग! पुढे महिनाभराने बाई वर्गात आल्या. सुनेला दवाखान्यात न्यायची पिशवी भरून ठेवली होती. पिशवीत काय काय आहे ते त्यांनी स्वतः वहीत लिहून आणले होते. पूर्वी रेशनच्या कागदावर त्या अंगठ्याला निळी शाई लावत. आता ओळी थोड्या चढउताराच्या, पण अक्षर स्वच्छ होते. धोतराचे जुने कापड, दुपटे, टोपडे, दवाखान्याचे कार्ड, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, चहाची थर्मास, बिस्किटाचा पुडा. सगळ्यात शेवटी लिहिले होते, 'कापूस आणि रिमूवर'. पायाच्या नखांवर थोडा रंग राहिला होता म्हणे. जोडाक्षर त्यांना अजून जड जाते. आम्ही 'व्ह' फळ्यावर काढून दाखवला आणि त्यांनी तो खाली तीनदा गिरवला.